सीडी नेमकी रिप झाली, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या साधारण तीनशे सीडी तुम्ही वर्षभरात कोथरूडच्या घरी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, फ्लॅक या आवाज न बिघडवणाऱ्या फाइलच्या प्रकारात ठेवल्या. त्यात त्यांनी स्वतः बर्न केलेल्या, खासगी मैफलींच्या चाळीसेक सीडी-आरही आहेत. ऐकताना कुठे अडखळत नाही. पण रिप ताडून बघायच्या ॲक्युरेटरिप या ऑनलाइन डेटाबेसमध्ये निम्म्या डिस्कची नोंदच सापडत नाही. मग फाइल बरोबर आहेत हे कशावरून समजायचं, आणि सगळं पुन्हा करावं लागेल का?

सगळं पुन्हा करावं लागणार नाही. मात्र ‘ऐकताना अडखळत नाही’ ही कसोटी आधी बाजूला ठेवा. पुण्यातल्या ओळखीपाळखीच्या घरांतले संग्रह रिप करत मला वीसेक वर्षं झाली, आणि या एका कसोटीवर विसंबून झालेलं नुकसान मी सर्वांत जास्त पाहिलं आहे.

कान का फसतो ते सांगतो. ऑडिओ सीडीवर एका सेकंदात ४४,१०० सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मापं), दोन चॅनेल, १६ बिट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट असतात. त्यांचे ७५ सेक्टर म्हणजे तुकडे, प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा. ओरखडे, धूळ, छपाईतले दोष हे गृहीत धरूनच फिलिप्स आणि सोनीने १९८० साली या डिस्कची मानकं ठरवली. सलग आवाज डिस्कवर सलग लिहिला जात नाही, तो पांगवून लिहिला जातो. एखाद्या तानेचे सूर वहीच्या शंभर पानांवर एकेक करून लिहून ठेवावेत, तसं. एक पान फाटलं तर प्रत्येक तानेतला एकेक सूर जातो, आणि जोडीला लिहिलेल्या जादा आकड्यांवरून तो परत काढता येतो. या पद्धतीमुळे साधारण २.५ मिलिमीटरचा सलग खराब भाग पूर्णपणे, बिटन्‌बिट भरून निघतो.

त्याहून जास्त गेलं की ड्राइव्ह किंवा प्लेअर अंदाज बांधतो. अलीकडचं आणि पलीकडचं सॅम्पल बघून मधलं घालतो. तानपुऱ्याच्या सलग नादात असा अंदाज इतका जवळ जातो की कुणालाही कळणार नाही. तबल्याच्या ‘ना’वर मात्र आघाताची धार बोथट होते. तीसुद्धा मूळ माहीत असेल तरच जाणवते.

डेटा सीडीवर हे चालत नाही. तिथे सेक्टरमधले २,०४८ बाइटच आपल्या कामाचे असतात, उरलेली जागा पत्ता आणि दुरुस्तीचा आणखी एक थर यांच्यासाठी जाते. ७४ मिनिटांच्या डिस्कवर संगीत ७८ कोटी बाइट मावतं, डेटा ६८ कोटी. म्हणजे ऑडिओ सीडीत तो शेवटचा पहारा काढून तिथेही संगीत भरलेलं आहे. कॉम्प्युटरवर एखादी फाइल सीडीवरून कॉपी झाली तर ती बरोबर आहे असं आपण समजतो, ते त्या पहाऱ्याच्या भरवशावर. गाण्याच्या ट्रॅकला तो भरवसा लागू नाही.

म्हणून पुरावा बाहेरून आणावा लागतो, आणि तो एकाच प्रकारचा असतो: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाचनांतून तेच आकडे येणं.

ॲक्युरेटरिप नेमकं हेच करतं. जगभरच्या लोकांनी आपापल्या डिस्क आपापल्या ड्राइव्हवर वाचल्या, प्रत्येक ट्रॅकचा ३२ बिटांचा चेकसम, म्हणजे त्यातल्या सगळ्या डेटावरून काढलेला एक छोटा आकडा, जमा झाला. तुमचा चेकसम त्यांच्याशी जुळला तर योगायोगाची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. त्यामुळे ‘जुळलं, कॉन्फिडन्स ५’, म्हणजे पाच जणांच्या नोंदीशी जुळलं, असं आलेल्या डिस्ककडे पुन्हा बघू नका, ते काम संपलं. बारीक अक्षरातल्या दोन गोष्टी तेवढ्या माहीत असू द्या. पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकच्या अखेरचे पाचेक सेक्टर, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, हिशेबात धरलेला नसतो. आणि जुन्या पद्धतीच्या चेकसममध्ये चूक होती, डेटाचा छोटा हिस्सा त्यातून निसटत होता. दुसऱ्या आवृत्तीत ती सुधारली. दोन्ही आवृत्त्यांचे निकाल दिसत असतील तर दुसऱ्या आवृत्तीचा बघा.

‘कॉन्फिडन्स १’ आला तर मात्र थांबा. तो एक माणूस तुम्हीच असू शकता. तुमचा प्रोग्रॅम तुमचे निकाल तिकडे पाठवत असेल आणि काही महिन्यांनी तुम्ही तीच फाइल तपासली, तर तुमची चूक तुमच्याच चुकीला दुजोरा देईल. दुर्मीळ मराठी डिस्कच्या बाबतीत हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

‘नोंद नाही’ याचा अर्थ फक्त इतकाच की ही डिस्क आजवर कुणी पाठवलेली नाही. डिस्कची ओळख ट्रॅकच्या सुरुवातीच्या जागांवरून ठरते, नावावरून नाही. इंग्रजी पॉपची डिस्क हजारो घरांत रिप झालेली असते. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडून घेतलेली किंवा ‘सवाई’च्या मंडपाबाहेरच्या स्टॉलवर घेतलेली डिस्क कितीजणांनी रिप करून नोंदवली असेल? आपल्या संगीताच्या बाबतीत दुसरा साक्षीदार बहुतेक वेळा आपल्यालाच उभा करावा लागतो. तुमचं खरं काम इथे आहे.

त्याआधी एक सोपी पायरी. क्यूटूल्स नावाचा प्रोग्रॅम घ्या आणि तुमच्या आत्ताच्या फ्लॅक फाइल त्याला द्या, डिस्क घालायची गरज नाही. तो ट्रॅकच्या लांबीवरून डिस्क ओळखतो, ॲक्युरेटरिपमध्ये शोधतो आणि स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्येही शोधतो. हा दुसरा डेटाबेस अख्ख्या डिस्कचा एकत्र विचार करतो. वेगळ्या छपाईमुळे आवाज काही सॅम्पल पुढेमागे सरकलेला असला तरी तो ओळखतो. शिवाय नोंद असलेल्या डिस्कसाठी तिथे दुरुस्तीची माहिती साठवलेली असते. नुकसान थोडं असेल तर त्या माहितीवरून तुमची फाइल मूळच्या बिटांवर परत आणता येते. तुमच्या दीडशेपैकी काही डिस्क इथेच सुटतील.

उरलेल्यांसाठी दुसरा ड्राइव्ह लागेल. त्याच ड्राइव्हवर दोनदा वाचून दोन्ही चेकसम जुळले, म्हणून लोक निश्चिंत होतात. मला ते पटत नाही, आणि का ते सांगतो. एक तर बरेच ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, ठेवतात. दुसऱ्यांदा मागितलं की डिस्ककडे न बघता तेच उत्तर देतात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हा रिप करायचा प्रोग्रॅम कॅश टाळायची सोय देतो, पण ती सेटिंगमध्ये चालू असायला हवी. दुसरं म्हणजे एखाद्या ओरखड्यावर एखादा ड्राइव्ह दर वेळी तोच अंदाज बांधतो. दहा वेळा विचारा, दहा वेळा तेच चुकीचं उत्तर, तितक्याच खात्रीने. तो एकच साक्षीदार आहे.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो. सदाशिव पेठेतल्या एका स्नेह्यांची दोन डिस्कची एक मैफल मी पूर्वी घाईने, एकाच वाचनात रिप करून दिली. हेडफोन लावून पूर्ण ऐकली, काही खटकलं नाही. काही वर्षांनी त्याच मैफलीची दुसरी प्रत हाती आली. ती वेगळ्या ड्राइव्हवर काळजीपूर्वक वाचली, तर विलंबित ख्यालाच्या ट्रॅकचा चेकसम वेगळा. दोन्ही फाइल तुलनेला लावल्या तेव्हा सव्विसाव्या मिनिटाच्या आसपास दीड सेकंदात विखुरलेली हजारेक सॅम्पल वेगळी निघाली. पण दोन साक्षीदार भांडत असताना खरा कोण? स्नेह्यांची मूळ डिस्क पुन्हा मागून आणली, धुतली, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली. ती नव्या प्रतीशी तंतोतंत जुळली. मग ते दीड सेकंद मी पुन्हा पुन्हा ऐकले. गायकाच्या आवाजात काहीच फरक नव्हता. एका ठिकाणी तबल्याची किनार दबलेली होती. ती चूक माझ्या हातून झाली होती आणि तीन घरांत कॉपी होऊन गेली होती. तेव्हापासून एका वाचनावर मी फाइल कुणाला देत नाही.

दुसरा ड्राइव्ह वेगळ्या कंपनीचा, शक्यतो वेगळ्या पिढीचा घ्या. तपकीर गल्लीत किंवा जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत डेस्कटॉपचे पूर्ण आकाराचे डीव्हीडी रायटर अजून मिळतात. ते स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या अडॅप्टरने यूएसबीला जोडता येतात. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह मी कठीण डिस्कसाठी वापरत नाही. ओरखडा आला की ते लवकर हार मानतात.

नवा ड्राइव्ह आणला की आधी त्याचा ऑफसेट ठरवा. प्रत्येक मॉडेल ऑडिओ वाचताना ठरावीक सॅम्पलनी पुढे किंवा मागे सुरुवात करतं. कुणाची दुरुस्ती +६, कुणाची +१०२, कुणाची +६६७. सहाशे सदुसष्ट सॅम्पल म्हणजे १५ मिलिसेकंद. ऐकायला शून्य फरक, पण चेकसम पूर्ण बदलतो. मग दोन्ही ड्राइव्ह बरोबर असूनही जुळत नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो. घरातली एखादी भरपूर खपलेली हिंदी चित्रपटाची किंवा परदेशी पॉपची सीडी घाला. ॲक्युरेटरिप तिच्यावरून ऑफसेट स्वतः ओळखतं. या ऑफसेटचा मूळ संदर्भच ३० सॅम्पलनी चुकलेला आहे असं नंतर लक्षात आलं, म्हणजे ०.७ मिलिसेकंद. तरी तो तसाच ठेवला गेला आणि ते योग्यच झालं. सगळ्यांनी एकाच खुणेवरून मोजणं इथे महत्त्वाचं आहे.

आता वेळ वाचवणारी गोष्ट. दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा रिप करून फाइल साठवायची गरज नाही. ईएसीमध्ये ट्रॅक नुसते ‘टेस्ट’ करता येतात. ते डिस्क वाचतं, चेकसम काढतं, फाइल लिहीत नाही. तो चेकसम जुन्या लॉगमधल्या, म्हणजे रिप करताना प्रोग्रॅमने लिहिलेल्या अहवालातल्या, ‘कॉपी सीआरसी’ या चेकसमशी ताडून बघा. दोन ट्रॅकमधल्या गॅपची आणि शून्य सॅम्पल (निव्वळ शांतता) हिशेबात धरायची की नाही याची सेटिंग दोन्ही वेळी सारखी हवी. एका डिस्कला दहा मिनिटं धरली आणि रोज संध्याकाळी सहा डिस्क घेतल्या, तर दीडशे डिस्क महिन्याभरात होतात. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर हेच काम नीट करतात.

लॉग ठेवले आहेत ना? नसतील तर जुन्या फ्लॅकचा चेकसम काढून ताडता येईल, पण पुढच्या प्रत्येक डिस्कचा लॉग फाइलशेजारी राहू द्या. लॉग वाचताना ‘ट्रॅक क्वालिटी ९९.६ टक्के’ दिसलं की लोकांना वाटतं ०.४ टक्के गाणं बिघडलं. तसं नाही. कमीत कमी जितकी वाचनं पुरली असती त्यापेक्षा थोडी जास्त करावी लागली, इतकंच ते सांगतं. सुरक्षित पद्धतीत दोन वाचनं जुळली नाहीत तर ईएसी तो भाग १६ वेळा वाचतं आणि त्यातल्या ८ वाचनांचं एकमत झालं की पुढे जातं. ‘सस्पिशस पोझिशन’ ही ओळ मात्र गंभीर आहे. तिथे एकमत झालंच नाही. दिलेल्या मिनिट-सेकंदाची वहीत नोंद करा. आणखी एक: ‘सी-२’ नावाची सोय चालू असेल तर ईएसी ड्राइव्हच्या शब्दावर विसंबून एकदाच वाचतं. काही ड्राइव्ह चूक झाल्याचं प्रामाणिकपणे कळवतात, काही कळवत नाहीत. तुमचा कोणता हे ठाऊक नसेल तर ती सोय बंद ठेवा.

संशयित डिस्क पुन्हा वाचण्याआधी धुवा. नळाचं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे सरळ, गोल फिरवून कधीही नाही. कापडाने चुकून ओरखडा पडला तर आडवा ओरखडा थोडासाच डेटा तोडतो, मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो. टूथपेस्टचे प्रयोग वडिलांच्या डिस्कवर करू नका. छापील बाजू जास्त जपा. खालचं प्लॅस्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं, पण चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर छपाईच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे, आणि तो धुऊन परत येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात कागदी पाकिटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीचे डाग येतात, ते मात्र बहुतेक वेळा निघतात. धुऊनही जमलं नाही तर वेग कमी करून बघा, मग दुसरा ड्राइव्ह, मग तिसरा. एखादा जुना, मंद ड्राइव्ह नव्याला न जमलेली डिस्क सहज वाचतो, असं अनेकदा होतं.

तरीही हट्टी राहिलेल्या डिस्कची दुसरी प्रत शोधा. नातेवाइकांना विचारा. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात सीडींचे गठ्ठे असतात, मला तिथे दोनदा हवी ती प्रत मिळाली आहे. वेगळी प्रत, वेगळा ड्राइव्ह आणि तोच चेकसम, याहून भक्कम पुरावा घरच्या घरी मिळत नाही. फक्त ट्रॅकच्या वेळा सेकंदाच्या ७५व्या भागापर्यंत सारख्या आहेत का ते आधी बघा. कंपनीने नंतर आवाज पुन्हा ‘सुधारून’ काढलेली आवृत्ती असेल तर ती कधीच जुळणार नाही, आणि त्यात तुमच्या रिपची चूक नसेल.

बिट बरोबर असूनही आवाज खराब असू शकतो, हेही लक्षात असू द्या. स्वस्तात निघालेल्या काही संकलनांची डिस्क एमपी-३ फाइलवरूनच बनवलेली असते. रिप निर्दोष, पण स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचा आलेख, पाहिला तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं रिकामं. १९८०च्या दशकातल्या काही डिस्कवर प्री-एम्फसिस असतं, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम उचलून लिहिलेले, प्लेअरने ते खाली आणावेत म्हणून. रिप करताना ही खूण हरवली तर स्वरमंडळ आणि झांजा कानाला टोचतात. अशी डिस्क सापडली तर मूळ फाइल तशीच ठेवा आणि दुरुस्त केलेली प्रत वेगळी करा.

फ्लॅकबद्दल एकच सांगतो, कारण यात गल्लत होते. फ्लॅक फाइलच्या आत मूळ आवाजाची एमडी-५ खूण असते आणि फ्लॅकची ‘टेस्ट’ ती तपासते. ती तपासणी पास झाली म्हणजे फाइल बनल्यापासून बिघडलेली नाही. सीडीवरून आवाज बरोबर आला होता का, याबद्दल ती काहीच बोलत नाही. वर्षातून एकदा सगळ्या फाइलवर ती चालवा. तीनशे डिस्क दीडशे जीबीच्या आसपास बसतील, तेव्हा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवणं महाग नाही.

आता त्या चाळीस सीडी-आर. क्रमाने सांगितल्या शेवटी, पण हात त्यांनाच आधी लावा, शक्यतो याच आठवड्यात. छापील सीडीत खड्डे प्लॅस्टिकमध्ये दाबलेले असतात. सीडी-आरमध्ये लेसरने रंगद्रव्य बदललेलं असतं आणि तो रंग उजेडाने, उष्णतेने, वयाने फिका पडतो. छापील डिस्क पुढच्या वर्षीही आजच्यासारखीच वाचली जाईल. सीडी-आरबद्दल मी असं म्हणणार नाही. या डिस्क कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत, जगात एकच प्रत आहे. दोन ड्राइव्हवर पूर्ण वाचा आणि चेकसम जुळवा. जिथे जुळत नाहीत तिथे तिसऱ्या ड्राइव्हवर वाचा, आणि ईएसीच्या वेव्ह-तुलनेच्या सोयीने नेमकी कुठली सॅम्पल वेगळी आहेत ते काढा. तिघांपैकी दोघांचं जिथे जमतं तो भाग घ्या. कुठेच जमलं नाही तर सर्वांत कमी बिघडलेलं वाचन ठेवा आणि शेजारच्या मजकूर फाइलमध्ये स्पष्ट लिहा: अमुक ट्रॅक, अमुक मिनिट, आवाज खात्रीचा नाही. बिघडलेली जागा सॉफ्टवेअरने गुळगुळीत करून लपवू नका. उद्या कुणाकडे त्याच मैफलीची कॅसेट निघाली, तर नेमकं काय भरायचं ते त्या ओळीवरून कळेल.

आणि डिस्क पाकिटात परत ठेवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. वडिलांनी मार्करने तारीख, राग, तबल्यावर कोण, पेटीवर कोण असं काही लिहिलं असेल, तर तेही त्या रेकॉर्डिंगचा भाग आहे, आणि ती शाईसुद्धा फिकी पडते आहे.